बिगरहंगामी

मराठीच्या प्राध्यापकाला परदेशगमन घडावे असा काही आमच्या धंद्याचा रिवाज नाही. इंग्रजी शिकवणाऱ्याला शेक्सपिअरच्या गावी जाण्याचे निमित्त कुठे ना कुठे सापडते, संस्कृतवाल्यांना जर्मनीहून बोलावणी येतात म्हणे. आमची धाव संमेलनाच्या मांडवापर्यंत. त्यातून मोठी सुट्टी मिळते ती ऐन मे महिन्यात. मे महिन्यात महाबळेश्वरला जायचे म्हणजे घोड्यापासून खोलीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायचा आणि पुढे सरकायचे. थंड हवेची ठिकाणे ही आमच्या लेखी परदेशच. अखेर खराखुरा परदेश परवडला, तो केवळ तो थंड नव्हता म्हणून.

२०२४ सालचा मे महिना. आमच्या सांगलीचे मतदान ७ तारखेला झाले, निवडणुकीच्या कामगिरीतून सुटका झाली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रवाना केले आणि तिकिटाच्या दुकानात जाऊन मस्कतची चौकशी केली. दुकानातल्या तरुणाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी आषाढात हापूस मागितला. "सर, लोक तिकडे ऑक्टोबर ते मार्च जातात. आता तिथला सीझन संपला. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्री असेल." मी म्हटले, सांगलीत काय बर्फ पडतो आहे? जाण्याचे तिकीट चांगले स्वस्त मिळाले. परतीच्या तिकिटाने ती कसर भरून काढली. त्याचे कारण पुढे यायचेच आहे.

वाळवंट पाहण्याची हौस हे लोकांना सांगायचे कारण. खरे कारण म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ १९९७ साली मस्कतला गेला, तो तिथेच आहे. गेला तेव्हा तिशीत होता, आता साठीला टेकला. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत तो सुपरवायझर आहे. पहिली काही वर्षे वहिनी तिकडे होती, पण मुलीच्या शाळेसाठी ती परत आली आणि आईजवळ राहिली. माझे एम. ए. दादाच्या पैशांवर झाले. घराचा वरचा मजला, वडिलांचे दवाखाने, पुतणीचे इंजिनिअरिंग, सगळे तिकडून आले. आता त्या पुतणीचे लग्न डिसेंबरात ठरले आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने मला देवघरापाशी बसवून सांगितले, "वाळवंट बघ, उंट बघ, काय हवे ते बघ. पण त्याला विचारून ये, आता किती दिवस? फोनवर तो बघू म्हणतो. समोर बसून विचार." आईचे वय ब्याऐंशी. तेव्हा हा प्रवास करमणुकीचा होता, असे मला म्हणता येणार नाही.

मुंबईहून मस्कत पावणेतीन तासांवर. सांगलीहून मुंबईला पोहोचायला याच्या तिप्पट वेळ लागला. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे आणि खाली उतरायचे. विमानतळाचे दार उघडले आणि रात्रीचे साडेदहा वाजले असताना तोंडावर जी वाफ आली, ती पुरणाचे पातेले उघडल्यावर येते तशी होती, फक्त पुरणाचा वास नव्हता. ऊन कोरडे असते अशी आमची समजूत. पण मस्कत समुद्रकाठी आहे. तिथला उकाडा आधी भिजवतो आणि मग भाजतो. त्या किनाऱ्यावर कुरियात नावाचे गाव आहे. तिथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही, रात्री सुद्धा नाही. दादाने हे गाडीत बसल्या बसल्या सांगितले, आणि तेही अशा सुरात, की आपल्या गावच्या पैलवानाने कुस्ती मारल्याची हकिकत सांगावी.

दादाचे बिऱ्हाड रुवी भागात. खाली केरळी माणसाचे चहाचे दुकान, शेजारी गुजराती किराणा, समोर बांगलादेशी न्हावी. दोन खोल्या, एक वातानुकूलन यंत्र, भिंतीवर मिरजेच्या दुकानातले कालनिर्णय. सौ.ने पहिल्याच सकाळी स्नानगृहातून हाक मारली, "अहो, इथे नळ उलटे बसवलेत का?" गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असे पाणी, आणि गरम पाण्याच्या नळाला जरा कोमट. दादाला हसू आवरेना. तो म्हणाला, "गच्चीवरची टाकी उन्हाने उकळते. म्हणून मेपासून गीझर बंद करून ठेवायचा. त्यातले पाणी घरात सावलीला राहते, तेच आमचे गार पाणी. आता ऑक्टोबरपर्यंत असेच." सत्तावीस वर्षांच्या पत्रांत आणि फोनांत त्याने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हती.

दादा पहाटे चारला कामावर जाई, तेव्हा दिवस आमचे आम्हांला मोकळे होते. बिगरहंगामात जाण्याचे सुख असे, की गावाला तुमच्यासाठी नटायचे कारण उरत नाही. मतरहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर आम्ही पहाटे फिरायला जात असू. आम्हां कोकण पाहिलेल्या माणसांना समुद्र म्हणजे सूर्य बुडण्याची जागा. इथे समुद्र ईशान्येला, तेव्हा सूर्य पाण्यातून वर येतो, आणि वर येतो तोच रागावलेला. साडेपाचला तो दिसला की सातला परतावे लागे. शहर पांढरे, बुटके, स्वच्छ. मागे तपकिरी-काळे डोंगर, गवताची काडी नसलेले. भूगर्भशास्त्राचे लोक सांगतात की हे खडक मूळचे समुद्राच्या तळाचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो तळ जमिनीवर चढून बसला. डोंगरांवर पोर्तुगीजांचे जलाली आणि मिरानी हे किल्ले उभे आहेत. आपल्या वसईला जे पोर्तुगीज होते तेच हे. इथून ते १६५० साली गेले. वसईहून त्यांना काढायला चिमाजी अप्पांना १७३९ साल उजाडले.

मतरहच्या बाजारात दुपारी एकला सगळी दुकाने बंद होतात, ती चारला उघडतात. सौ. माहेरची पुण्याची. तिला फार बरे वाटले. "बघा," ती म्हणाली, "आमच्या गावाला उगीच नावे ठेवता." संध्याकाळी लोबानाचा धूर बाजारभर असतो. हा लोबान दक्षिणेकडच्या धोफार प्रांतातल्या झाडांचा डिंक. हिरवट झाक असलेला उत्तम, पिवळा दुय्यम. दुकानदारांना गिऱ्हाईक कमी, म्हणून गप्पांना वेळ. एकाने आम्हांला कहवा पाजला. बिनकानाची एवढीशी वाटी, वेलदोड्याचा वास, सोबत खजूर. वाटी रिकामी झाली की तो भरे. चौथ्या वाटीला दादाचे म्हणणे आठवले: पुरे झाले की वाटी हातात जराशी हलवायची. हलवली, तेव्हा तो थांबला. आपल्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरतात, त्याचीच ही अरबी आवृत्ती.

मला अरबी येत नाही. पण भाषेच्या मास्तराला या देशात फुकटचा उद्योग मिळतो. किल्ल्याला ते कलआ म्हणतात, बुरुजाला बुर्ज, खंदकाला खंदकच. साबणाला साबून, हिशेबाला हिसाब, दुकानाला दुक्कान. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात किल्ल्याला दुर्ग सुचवला. दुर्ग आला, पण किल्ला काही गेला नाही. शब्दांची देवघेव उलट बाजूनेही झाली आहे. ओमानच्या रियालचे हजार भाग असतात, आणि त्या भागाला म्हणतात बैसा. अरबीत 'प' नाही, म्हणून आपला पैसा तिथे बैसा झाला. १९७० पर्यंत तर या देशात आपल्याच सरकारने १९५९ पासून आखाती देशांसाठी काढलेला खास रुपया चालत असे. आणि मोसम हा शब्द तर मूळचा त्यांचाच: मौसिम, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. तो पोर्तुगीजांनी उचलला, इंग्रजांनी त्याचा मॉन्सून केला, आणि आपण वेधशाळेकडून तो परत घेतला. ज्या देशाने हंगामाला नाव दिले, तिथे आम्ही हंगाम नसताना गेलो होतो.

सुलतान काबूस यांच्या नावाची मोठी मशीद २००१ साली बांधून पुरी झाली. आत एकाच विणीचा गालिचा आहे, ४,३४३ चौरस मीटर. इराणातल्या विणकर बायकांनी तो चार वर्षे विणला. सौ. डोक्यावर पदर घेऊन त्याच्या कडेने सावकाश चालत होती. ती म्हणाली, "हंगामात इथे माणसांची डोकीच दिसत असतील, गालिचा कशाचा दिसतो." एवढे पाहिले आणि बाहेर आलो, कारण दहा वाजले होते आणि अंगणातला संगमरवर डोळ्यांना सोसेना.

दादाला सुट्टी शुक्रवारची. २४ मेच्या शुक्रवारी त्याने आम्हांला बिदियाला नेले. मस्कतहून दोनशे किलोमीटरांच्या वर. १९७० साली या देशात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता असे सांगतात. आज रस्ता असा, की गाडीत भरल्या पेल्यातले पाणी हलू नये. वाटेत कोरड्या नद्या लागतात. त्यांना वादी म्हणतात. पाण्याचा थेंब नाही, पण काठाला तांबडे-पांढरे खांब रोवलेले, पूर आल्यावर खोली कळावी म्हणून. जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हा या कोरड्या वाद्यांनी मस्कतचे रस्ते वाहून नेले होते. ते पुन्हा बांधणाऱ्यांत दादा होता. गाडी चालवता चालवता तो एखाद्या पुलाकडे हनुवटीने खूण करी, "हा आमचा." बाकी काही बोलत नसे.

बिदिया म्हणजे खजुरांच्या बागांचे गाव, आणि बागा संपल्या की लगेच वाळू. मधे उंबरा सुद्धा नाही. वाळूत प्रवाशांसाठी तंबूंचे मुक्काम आहेत. आम्ही गेलो त्या मुक्कामावर आवराआवर चालली होती. गालिचे झटकून गुंडाळलेले, खाटा एकावर एक रचलेल्या, आणि एक बांगलादेशी तरुण तंबूपुढची वाळू झाडूने झाडत होता. वाळवंटात वाळू झाडणारा माणूस! पण तो हसत होता. आठवड्याभरात मुक्काम बंद होणार, तो गावी जाणार, जूनमध्ये बकरी ईद, मग तीन महिने घरी, पावसात, मासे खात. इथला हंगाम संपला की त्याचा घरचा हंगाम सुरू. दादाने त्याला विचारले, "दरसाल जातोस?" तो म्हणाला, "दरसाल."

सूर्य कलल्यावर आम्ही एका टेकाडावर चढलो. वाळू पायाखाली घसरते, चार पावले चढावे तेव्हा दोनच चढल्यासारखे होते. वर पोहोचलो तेव्हा चहूकडे लाटाच लाटा, तांबूस, आणि त्यांवर आमच्या तिघांच्या पावलांशिवाय एकही खूण नव्हती. आवाज नव्हता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सौ. म्हणाली, "भाऊजी, एक बोलू का? तुम्ही आमच्याकडे कायम बिगरहंगामी आलात."

तिच्या बोलण्यातला नेमकेपणा मी वर्गात कधी आणू शकलेलो नाही. गोष्ट अशी आहे. मस्कतला भारतीय मुलांच्या शाळा जून-जुलैत बंद असतात. त्या सुमारास सगळी कुटुंबे घरी निघतात, तेव्हा भारताच्या तिकिटांचे भाव आकाशाला भिडतात. तीच गत दिवाळीला. दादाने हिशेब पाहून रजा घेतली. तो येई फेब्रुवारीत, नाहीतर पितृपंधरवड्यात. तो यायचा तेव्हा आंबे नसत, गणपती होऊन गेलेले असत, दिवाळी लांब असे, शाळा-कॉलेजे चालू, घरात ज्याला त्याला आपापली घाई. आई त्याच्यासाठी आंब्याची पोळी डब्यात घालून ठेवी आणि सप्टेंबरात ती काढून देई. पितृपंधरवड्यात आमच्या घरी दोघेच नेमाने येतात, एक कावळा आणि एक मी, असे तोच म्हणत असे, आणि आम्ही हसत असू. वडील गेले ते जूनमध्ये. तेवढे एकच तिकीट त्याने भाव न विचारता काढले.

सौ.च्या बोलण्यावर दादा थोडा वेळ वाळूत बोटाने रेघा ओढत बसला. "अगं, वाचलेल्या पैशांत काय काय झाले तेही बघ की," तो म्हणाला. त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते, कारण त्या पैशांत काय झाले ते समोर बसलेच होते, एम. ए. होऊन.

परतताना गावात एका बागवानाकडे थांबलो. दादाची आणि त्याची जुनी ओळख. त्याच्या अंगणात विटांची लांबट भट्टी होती, वर मोठमोठी तांब्याची पातेली उपडी घातलेली. आमच्या लग्नसराईच्या आचाऱ्याची आठवण झाली. दादाने दुभाष्याचे काम केले. मबसली नावाच्या जातीचे खजूर जूनच्या अखेरीपासून पिवळे होतात, पण पिकू द्यायचे नाहीत. तसेच कच्चे उतरवून या पातेल्यांत पंधरा-वीस मिनिटे उकळायचे आणि आठवडाभर उघड्या अंगणात उन्हात पसरायचे. याला तबसील म्हणतात. सगळे आळीकर जमतात, बायका-मुले खजूर निवडतात, रात्री भट्ट्या पेटतात. यासाठी असेच भाजणारे ऊन लागते. ज्या उन्हाला भिऊन प्रवासी पळतात, ते या लोकांचे सुगीचे ऊन. मी विचारले, वाळवलेला माल जातो कुठे? बागवानाने आश्चर्याने आमच्याकडे पाहिले आणि हात पूर्वेला केला. "हिंद." मग आत जाऊन गेल्या सालच्या पोत्यातून ओंजळभर माल आणून त्याने सौ.च्या पुढे धरला.

ती खारीक होती. आपली खारीक. ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम यांच्या जोडीला जी घालतात, बाळंतिणीच्या खिरीत जी जाते, ती. सौ.ने नकळत पदर पुढे केला, आणि त्या बागवानाने, त्याला काय कळले कोण जाणे, ओंजळ तीत रिकामी केली. पुतणीच्या लग्नाला लागेल म्हणून आणखी दोन किलो आम्ही विकत घेतली. दादा म्हणाला, "सांगलीच्या मारुती रोडवर मिळते की." सौ. म्हणाली, "मिळते. पण ती येते कुठून, ते आम्हांला कोणी सांगितले होते?"

पुढच्या शुक्रवारी, ३१ मेला, निझवा. शुक्रवारी सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे आपापले जनावर धरून गोलाकार फिरतात आणि घेणारे कडेला उभे राहून हाका मारतात. आपल्याकडे बाजारात गिऱ्हाईक फिरते, इथे माल फिरतो. हंगामात या वर्तुळाभोवती छायाचित्रे घेणाऱ्यांचे दुसरे वर्तुळ असते म्हणे. त्या दिवशी परके असे आम्ही तिघेच. बाजूला भाजीबाजारात त्या सालचे पहिले पिकलेले खजूर आले होते, नगाल जातीचे. आपल्याकडे पहिल्या हापूसभोवती होते तशी गर्दी त्यांच्याभोवती. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधलेला किल्ल्याचा गोल बुरूज पाहिला. दारावर चढून येणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर खजुराचा उकळता पाक ओतायची भोके त्यात आहेत. आमच्या गडांवरून दगडधोंडे लोटत. इथे मरण सुद्धा गोड.

गावाबाहेर दारिस नावाचा फलज आहे. फलज म्हणजे पाट, पण हा पाट डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून, नुसत्या उताराने आणलेला. उपसा नाही, पंप नाही. देशात असे सुमारे तीन हजार फलज चालू आहेत. त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, हा त्यांतला एक. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. पोरे डुंबत होती. दादा सांगू लागला. फलजच्या पाण्याची मालकी वेळेवर असते. अर्ध्या तासाच्या सुमाराच्या मापाला अथर म्हणतात. कुणाचे दोन अथर, कुणाचा अर्धा. दिवसा सावलीच्या काठीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजत. पाळी वारसाने येते, विकता येते, भाड्याने देता येते. आणि या सगळ्याचा कारभार पाहणाऱ्याला म्हणतात वकील. मी म्हटले, आमच्याकडे पाण्याचे भांडण झाल्यावर वकील येतो. इथे होऊ नये म्हणून. दादा हसला. आमच्या आजोबांची वांगीजवळ जमीन होती. पाणीपाळी, त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या हे काही आम्हांला नवे नव्हते.

तेव्हाच विचारले. समोर बसून विचार, असे आईने सांगितले होते. "दादा, आई विचारते, आता किती दिवस?"

तो पाण्यातले पाय पाहत राहिला. मग म्हणाला, "खरे सांगू? मला तिथे येऊन काय करायचे तेच कळत नाही. इथे मला चारला उठायचे ठाऊक आहे. कुठला माणूस उन्हात पडेल ते त्याच्या चालण्यावरून कळते. तिथे मी आलो की तुम्ही सगळे मला पाहुण्यासारखे वागवता. चांगला पलंग देता. तिसऱ्या दिवशी मी वहिनीला विचारतो, डबा कुठे आहे, आणि पोरगी उठून काढून देते. मला घरात एक डबा सापडत नाही."

दादा स्वतःच्या बायकोला आमच्यापुढे वहिनीच म्हणतो; आमच्या घरची ही जुनी सवय. सौ. म्हणाली, "डबे आम्ही लेबले लावून ठेवू." ती गंभीरपणे म्हणाली, म्हणून आम्हां तिघांनाही हसू आले. मी पुढे काही बोललो नाही. आईचा निरोप पोहोचला होता. वकिली करणे मला जमण्यासारखे नव्हते, आणि ज्याच्या कमाईवर आपण बोलायला शिकलो, त्याला वाक्चातुर्याने गप्प करणे बरे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी १ जून. या देशात जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने उघड्यावरच्या कामाला दुपारी साडेबारा ते साडेतीन बंदी असते. कायदा चांगला आहे. फक्त ३१ मेच्या उन्हाला आपण त्यात बसत नाही, हे ठाऊक नसते. २९ मेच्या दुपारी दोन वाजता मी टॅक्सीतून दादाच्या कामाच्या जागेवरून गेलो होतो. डोक्याला पंचा गुंडाळलेली, केशरी कपड्यांतली माणसे सळया बांधत होती, आणि त्यांच्यात एक पांढरी टोपी उभी होती. टॅक्सीच्या काचेतून सुद्धा ती उभी राहण्याची ढब ओळखू आली. वडील असेच उभे राहत. मी टॅक्सी थांबवली नाही. १ तारखेला सौ.ने डबा केला, पोळ्या, भेंडीची भाजी, मोठ्या थर्मासमध्ये ताक, आणि आम्ही साडेबाराला तिथे गेलो. शिट्टी झाली. माणसे हत्यारे ठेवून पत्र्याच्या सावलीत आली आणि कोणी काही न बोलता आडवी झाली. तेलुगू, बंगाली, पंजाबी, एक आमचा रत्नागिरीकडचा. दादाने त्यांची डोकी मोजली, सगळे सावलीत आले असे पाहिले, आणि मग स्वतः टेकला. ताक आधी त्याने त्या रत्नागिरीकराला दिले. तो तेविसाचा असेल. लग्न ठरले आहे, तो म्हणाला, मे महिन्यात ठरत होते, पण तिकिटे फार महाग, म्हणून फेब्रुवारीत करणार. दादा ताकाचा पेला हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "मेमध्ये कर. पैसे कमी पडले तर मला सांग."

सलालाला जायचे राहिले. तिथे २१ जूनपासून तीन महिने आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा दक्षिणेच्या डोंगरांना घासून जातो, धुके आणि भुरभुर पडते, वाळवंटाच्या कडेला हिरवळ उगवते, आणि साऱ्या आखातातले लोक ते पाहायला लोटतात. त्या दिवसांना ते खरीफ म्हणतात. आपण खरीप म्हणतो आणि त्यात भात पेरतो. मी कॉलेज उघडायच्या आत परतणे भाग होते. ५ जूनचे विमान कुटुंबांनी ठासून भरलेले, मुले रडत होती, वरचे कप्पे बंद होत नव्हते. परतीच्या तिकिटाच्या भावाचा उलगडा तिथे नीट झाला. दादा निरोप द्यायला आला होता. सामानात त्याने आईसाठी लोबान आणि गुडघ्याचे तेल दिले, मुलीसाठी अत्तर. वहिनीसाठी काय, असे सौ.ने विचारले, तेव्हा त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर स्वयंपाकघराच्या फळ्यांचा आराखडा काढलेला होता. "हे तिला दे आणि म्हण, कुठे काय असते ते लिहून पाठव."

वहिनीने तो तीन दिवसांत भरून पाठवला. खारकेचा डबा खालच्या फळीवर, डावीकडून दुसरा.

सप्टेंबरात पितृपंधरवडा आला, दादा आला नाही. आईला चुटपुट लागली. मग एके रात्री त्याचा फोन आला, की तिकीट काढले आहे, वसुबारसेचे. भाव दीडपट आहे, हेही त्याने सांगितले. ते न सांगता तिकीट काढणे त्याच्या स्वभावात नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो सांगलीत असेल किंवा वाटेवर असेल. त्याची रजा तीस दिवसांची असते, आणि लग्न आहे १४ डिसेंबरला. आईने बोटांवर मोजले, मग कालनिर्णय काढून मोजले, मग मला मोजायला लावले. तीस दिवस कोणत्याही बाजूने लग्नापर्यंत पुरत नाहीत. तिने लगेच फोन लावून त्याला विचारले, मग पुढे काय?

तो बघू म्हणाला. आईने फोन ठेवला आणि वहिनीला सांगितले की यंदा चकलीची भाजणी दुप्पट घे.